धाकटीला मोठ्या दोघांच्याच शाळेत घालायचं का? (पहिली, मराठी माध्यम, भांडुप)

भांडुपकरीण

नमस्कार मंडळी, इथे नेहमी नुसती वाचत असते, आज लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

तीन मुलं आहेत मला (हो तीन, त्यावरचे सगळे विनोद ऐकून झालेत). मोठी जूनमध्ये आठवीत जाईल, मधला पाचवीत आणि धाकटीची यंदा पहिली. मोठी दोघं घराजवळच्या अनुदानित मराठी शाळेत आहेत. धाकटीचा फॉर्म पण तिथलाच आणून ठेवलाय, पण तो अजून ड्रॉवरमध्येच आहे, भरायला हात होत नाहीये.

एक तर वेळ. माझ्या डोक्यात आधीपासून हेच होतं की ही पहिलीला गेली की मधल्याचा हात धरून जाईल आणि माझी एक फेरी वाचेल. पण आमच्याकडे पाचवी ते दहावी सकाळी सात ते साडेबारा आणि पहिली ते चौथी दुपारी पाऊण ते पावणेसहा. म्हणजे ज्या जूनमध्ये ही दुपारच्या शाळेत पाऊल टाकणार त्याच जूनमध्ये तो सकाळच्या शाळेत जाणार! ती दोघं सकाळी एकत्र आणि ही दुपारी एकटी. मी विक्रोळीला ऑफिसात, नवऱ्याच्या शिफ्ट बदलत्या, आणि सासूबाईंचे गुडघे आता टेंभीपाड्याचा चढ-उतार करू देत नाहीत.

वेळेचं काहीतरी जमवता येईल, खरं टोचतंय ते दुसरंच. मोठी शाळेत सगळ्यांच्या ओळखीची, पाचवीला स्कॉलरशिप मिळाली, वक्तृत्वात असते, पंधरा ऑगस्टला सूत्रसंचालन तीच करते. मधला बरोब्बर उलटा. वाईट नाहीये हो, पण एका जागी बसत नाही, त्याच्या कॅलेंडरमधलं शेऱ्यांचं पान जूनमध्येच भरतं. फॉर्म आणायला गेले तर ऑफिसमधल्या बाई हसून म्हणाल्या, "आता हिच्यात ताई किती आणि दादा किती ते बघू." चेष्टेनेच म्हणाल्या, मीपण हसले. रिक्षात बसल्यावर धाकटीने मला विचारलं, "मम्मी, माझ्यात दादा आहे का?"

ही आहे हळू. बोलते कमी, डावखुरी आहे, एखादी गोष्ट तिला पटेपर्यंत करतच नाही. त्यात जन्म नोव्हेंबरचा, म्हणजे जूनमध्ये साडेपाचच पूर्ण. या शाळेत ती आयुष्यभर कुणाची तरी बहीण म्हणूनच वावरेल असं वाटतंय.

दुसरा पर्याय एलबीएस रोडच्या पलीकडे एक इंग्लिश मीडियम आहे. बस गल्लीच्या तोंडाशी येते. तिथे जाऊन आलो, तर त्यांनी "इंटरॅक्शन" म्हणून तिला रंग आणि आकडे विचारले (ती गप्प बसली, अर्थातच), मग आम्हाला आमचं शिक्षण विचारलं आणि फीशिवाय एक रक्कम "डेव्हलपमेंट"ची म्हणून सांगितली. तिथे तिला कुणी ओळखत नाही हाच एक फायदा, आणि तो मला मोठा वाटतोय. काय करू? तुमच्यापैकी कुणाची दोन-तीन मुलं एकाच शाळेत असतील तर खरं खरं सांगा.

---

सेकंड_शिफ्टवाला

ताई, वेळेचं दुखणं तुमच्या एकटीचं नाही, आमच्या घरी पण तेच आहे, मुलगी सहावीत आणि मुलगा दुसरीत. फेब्रुवारी २०२४ ला शासनाने निर्णय काढला की पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवायचे नाहीत, २०२४-२५ पासून. तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी लहान मुलांच्या झोपेचा विषय काढला होता त्यातून ते झालं. हेतू चांगलाच आहे, पण मुंबईत बिल्डिंग एक, वर्ग तेवढेच, आणि सकाळी त्यात हायस्कूल बसलेलं, मग प्राथमिकला दुपारशिवाय जागा कुठे? पुष्कळ शाळांचं प्राथमिक आधीपासूनच दुपारी आहे. थोडक्यात पाचवीत गेलेलं पोर आणि चौथीच्या आतलं पोर एका वेळी घराबाहेर पडेल ही आशा सोडून द्या, चार-पाच वर्षं तरी.

पण तुमच्या टायमिंगमध्ये एक चांगली गोष्ट आहे जी तुम्ही बघितली नाहीये. साडेबाराला मोठी दोघं सुटतात आणि पाऊणला धाकटी आत जाते. म्हणजे दुपारची पोरं घेऊन जी व्हॅन शाळेत जाते तीच सकाळच्या पोरांना घेऊन परत फिरते, व्हॅनवाल्याची एकही फेरी रिकामी जात नाही. आमचे काका दोघांचे मिळून महिन्याचे पैसे ठरवून घेतात, सुट्या दोन सीटपेक्षा कमी पडतात. आणि गेटवर रोज पाच मिनिटं का होईना भावंडं भेटतात. पावसाळ्यात तर आमच्याकडे गेटवरच रेनकोटची अदलाबदल व्हायची, ताईने काढला की हा घालणार, बाह्या कोपरापर्यंत दुमडून, कारण ह्याचा स्वतःचा नेहमी वर्गात विसरलेला.

फक्त व्हॅन बघून घ्या. शाळेच्या बससाठी राज्याचे नियम २०११ पासून आहेत, रंग पिवळा, मुली असतील तर बाई अटेंडंट पाहिजे, आणि प्रत्येक शाळेत परिवहन समिती पाहिजे जिचे अध्यक्ष मुख्याध्यापक असतात. त्या समितीत पालक पण असतात, नंबर मागून घ्या. साध्या खाजगी गाडीत बारा-चौदा पोरं कोंबतात त्यात घालू नका, स्वस्त पडलं तरी.

संध्याकाळी पावणेसहाला आणायला मोठीला पाठवता येईल की, आठवीतली मुलगी म्हणजे जबाबदार.

---

खडूवाल्या_बाई

मी प्राथमिकला शिकवत होते, दादर-परळ पट्ट्यात, आता निवृत्त. त्यामुळे टेबलाच्या पलीकडच्या बाजूने लिहिते.

आधी वयाचं, कारण ते सोपं आहे. आपल्याकडे पहिलीसाठी ३१ डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण हवीत, हे २०२० पासून चालू आहे. नोव्हेंबरचा जन्म म्हणजे तुमची मुलगी बसते, शाळा नाही म्हणू शकत नाही. पण बसते म्हणून बसवायलाच हवी असं नाही. तुकडीत ती सगळ्यात लहानांपैकी असेल, आणि साडेपाच आणि साडेसहा यांत पहिलीत फार मोठा फरक असतो, बटणं लावण्यापासून ते दुपारी साडेतीनला डोळे मिटण्यापर्यंत. दुपारची शाळा आणि लहान पोर म्हणजे त्या वेळेला डुलक्या ठरलेल्याच, तिला शनिवार-रविवारीसुद्धा दुपारी झोपवू नका एप्रिलपासून, नाहीतर जूनमध्ये तुम्हीच म्हणाल की बाई लक्ष देत नाहीत. आणखी एक वर्ष बालवाडीत ठेवायचं का हे तुम्हीच ठरवा, माझं मत विचाराल तर ती हळू आहे हे कारण पुरेसं नाही, हळू मुलं एक वर्ष थांबवली म्हणून भराभर होत नाहीत.

आता तुलनेचं. करतात हो शिक्षक, कशाला खोटं बोलू. चाळीस नवी तोंडं समोर आली की आपल्याला ओळखीचं काहीतरी धरायला हवं असतं, मग आडनाव वाचलं की तोंडातून निघतंच, "तू अमक्याची का गं?" त्यात बहुतेक वेळा कौतुकच असतं. पण पोराला ते कौतुक पोचत नाही, त्याला एवढंच कळतं की आपल्या आधी कुणीतरी इथे येऊन बसलंय. माझ्याकडे एक मुलगा होता, मोठा भाऊ चित्रकलेत शाळेत पहिला. हा चित्रकलेच्या तासाला वही उघडायचाच नाही. त्याची चित्रं खरं तर बरी असायची, मी वहीच्या मागच्या पानावर बघितली होती.

म्हणून ऑफिसातल्या बाईंच्या बोलण्याचं मनावर घेऊ नका, पण सोडूनही देऊ नका. पहिल्या आठवड्यात वर्गशिक्षिकेला पाच मिनिटं भेटा, गेटवर नाही, वर्गात, मुलीला बाहेर थांबवून. सांगायचं एवढंच की हिला हिच्या नावाने हाक मारा आणि घरचा विषय हिच्यासमोर काढू नका. चांगल्या बाईला तेवढं पुरतं. आणि दादाच्या चौथीच्या बाई आता पहिली घेतायत का ते विचारून घ्या, कारण प्राथमिकला बऱ्याच ठिकाणी चौथी सोडली की त्याच बाई परत पहिली घेतात! तसं असेल आणि दुसरी तुकडी असेल तर तुकडी बदलून मागा, त्यात लाजायचं काही नाही. दुसरी तुकडी असेल तर म्हणतेय, हल्ली एकच उरलेली असते.

शाळा तुम्हाला नाही म्हणेल ही भीती तर अजिबात बाळगू नका. मराठी शाळांना धाकटी भावंडं हवीच असतात. संचमान्यता म्हणजे शिक्षकांच्या जागा पटावरून ठरतात, कायद्याने प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक, पट घसरला की एक बाई अतिरिक्त ठरून कुठे जाईल सांगता येत नाही. आम्ही मे महिन्याच्या उन्हात चाळीचाळींतून फिरायचो मुलं गोळा करायला, आणि पहिला प्रश्न तोच असायचा, धाकटं आहे का घरात?

आणि ते मुलं मोजणं आता आधारवर आहे, म्हणून कागदांत एक काम आत्ताच करा. तिचं आधार पाच वर्षांच्या आतलं असेल तर त्यात बोटांचे ठसे नसतात, पाचनंतर अपडेट करावंच लागतं, ते करून घ्या. आणि नावाचं स्पेलिंग जन्मदाखला, आधार आणि शाळेचा फॉर्म तिन्हीकडे एकच ठेवा, शिवाय आडनावाचं मोठ्या दोघांसारखंच. एकाचं शेवटी ए आणि दुसऱ्याचं डबल ए असलं की पुढे जातीचा दाखला, व्हॅलिडिटी काढताना सख्खी भावंडं आहेत हे सिद्ध करत बसावं लागतं. शाळेच्या जनरल रजिस्टरला जे चढलं ते चढलं.

---

शेंडेफळ

मी तीन भावांतला तिसरा, गिरगावातली शाळा, तिघंही त्याच शाळेत. वडील पण त्याच शाळेचे, म्हणजे बघा.

मला तर मस्त वाटायचं. पहिल्या दिवशी सगळी पोरं रडत होती आणि मला माहीत होतं की पाणी कुठल्या नळाला थंड येतं, शिपाईमामांचं नाव काय, पीटीचे सर शिट्टी वाजवायच्या आधी घसा खाकरतात. वर्गात भाव खाल्ला मी त्यावर. पाचवीत एका दांडगटाने माझा डबा उचलला तर मी फक्त नववीच्या वर्गाकडे बोट दाखवलं, डबा परत आला, वर त्याच्यातलं अर्धं सांदण पण मिळालं. हे दुसऱ्या शाळेत कुठून मिळणार होतं.

"अरे तू त्यांचा का" हे ऐकलं, नाही असं नाही. मोठा हुशार, दुसरा क्रिकेटवाला, मी काहीच नाही. सर म्हणायचे, दोन मिनिटांनी विसरायचे, त्यांच्यापुढे पन्नास पोरं. लागायचं ते घरी. गणपतीत सगळे नातेवाईक जमायचे, तेव्हाच नेमके घटक चाचणीचे मार्क आलेले असायचे, आणि आमची आत्या तिघांचे मार्क एकापुढे एक मोठ्याने वाचून घ्यायची. हौसेने! मोदक खाता खाता. तिला कुणी थांबवलं नाही, आईने पण नाही, कारण मोठ्याचे ऐकताना तिलाही बरं वाटायचं. ती आत्या मला शाळेतल्या कुठल्याही सरांपेक्षा जास्त आठवते.

तर भांडुपकरीण ताई, शाळा बदलून ताई-दादा बदलणार नाहीत, ते घरातच आहेत. तुमची मुलगी एलबीएसपलीकडे गेली तरी रविवारी पाहुणे आले की तीन प्रगतिपुस्तकं एकाच टेबलावर येणार, उलट तेव्हा "हिला काय, हिची इंग्लिश मीडियम" हे वाढणार. तुमच्याकडे तसं होत नसेल, मी माझ्या घरचं सांगितलं.

---

फ्युचर_फर्स्ट

२०२६ मध्ये पण मराठी मीडियमचा विचार करताय? मोठ्यांचं झालं ते झालं, निदान एकीचं तरी भविष्य बघा. एका घरात एक तरी इंग्लिश मीडियमवालं पाहिजे.

---

सेकंड_शिफ्टवाला

^ ह्या विषयाचा वेगळा धागा काढा राव, तिथे येतो भांडायला, चहा घेऊन.

---

ताई_नंबर_वन

सगळे धाकटीबद्दल बोलतायत. मी मोठी होते म्हणून लिहिते, आणि सेकंड शिफ्टवाले दादांची ती शेवटची ओळ वाचून तर लिहावंच लागलं.

माझा भाऊ माझ्या शाळेत आला तेव्हा मी सहावीत होते. त्या दिवसापासून माझी मधली सुट्टी संपली. त्याला डबा भरवणं, त्याची वॉटर बॅग शोधणं, त्याचा बूट. तो वर्गात रडला की त्याच्या बाई शिपायाला पाठवून मला वर्गातून बोलवायच्या, एकदा गणिताच्या पेपरमधून बोलावलं कारण त्याने चड्डीत शू केली होती. पेपर चालू असताना! मी गेले, त्याला धुतलं, परत येऊन बसले, कुणाला त्यात काही चुकीचं वाटलं नाही, घरी तर "शहाणी गं माझी" म्हणून कौतुक झालं. त्या कौतुकाने आपण नाही म्हणू शकत नाही. मैत्रिणी लंगडी खेळायच्या आणि मी पहिलीच्या दारात उभी.

तुमच्याकडे सत्रं वेगळी आहेत हे मला तरी चांगलंच वाटतंय. तुमच्या मोठीची शाळा तिचीच राहील. पण संध्याकाळी पावणेसहाला रोज तिने आणायला जायचं म्हणजे तिचा क्लास, तिचं खेळणं, तिचं नुसतं लोळणं, सगळं त्या वेळेला बांधलं गेलं. आठवी आहे, जबाबदार आहे, हे सगळं खरं, पण तिला विचारा तरी. विचारताना "नाहीतर मी नोकरी सोडते" असा चेहरा करून विचारू नका. आठवड्यातले दोन दिवस ती, दोन दिवस व्हॅन, एक दिवस बाबा, असं काहीतरी करा. आणि शाळेला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा की धाकटीचं काही झालं तर फोन आईबाबांना करायचा, बहिणीला वर्गातून उठवायचं नाही.

आणि फक्त मुलीलाच का? पाचवीतला पण आहे ना घरात? त्याला द्या की काहीतरी काम, शेरे कमी होतील.

---

नाहूर_लोकल

+१ ताई_नंबर_वन ला, सगळ्याला.

मला त्या दुसऱ्या शाळेच्या "इंटरॅक्शन"बद्दल लिहायचंय. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १३. प्रवेश देताना मुलाची किंवा आईबापाची कुठलीही चाळणी लावता येत नाही. रंग विचारा, आकडे विचारा, आईबापाचं शिक्षण विचारा, सगळं त्यात येतं. पहिल्या वेळेला २५ हजारांपर्यंत दंड, नंतर प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत. आणि फीच्या बाहेरचे पैसे घेऊन प्रवेश म्हणजे कॅपिटेशन, त्याला घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत दंड. सगळ्यांना माहीत असतं, तक्रार कुणी करत नाही कारण मूल तिथेच शिकायचं असतं. मी पण सांगत नाही की कराच. पण जी शाळा साडेपाच वर्षांची मुलगी गप्प बसली हे कागदावर लिहून घेते ती पुढे काय काय लिहून घेईल याचा विचार करा.

पैशांचं पण बघा. अनुदानित शाळेत आठवीपर्यंत फी नाही, पुस्तकं शाळेतून मिळतात, पोषण आहार आहे. तिसऱ्या मुलाच्या वेळेला हे हिशोब करावे लागतात, त्यात कमीपणा नाही. एक मात्र, दादाची पहिलीची पुस्तकं जपून ठेवली असतील तर द्या कुणाला तरी, २०२५-२६ पासून पहिलीचा अभ्यासक्रम आणि पुस्तकं नवीन आहेत. दप्तर आणि युनिफॉर्म चालेल.

---

चेंबूरचा_बाबा

मध्येच घुसतोय, सॉरी. आमचा मोठा आरटीईच्या (त्याच शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के राखीव जागांतून एका खाजगी शाळेत लागलाय. धाकट्याला त्याच शाळेत आपोआप मिळतं का? भाऊ आहे म्हणून? शाळावाले म्हणतात सिबलिंग कोटा आहे पण तो फी भरणाऱ्यांसाठी.

---

नाहूर_लोकल

आपोआप नाही मिळत. धाकट्याचा वेगळा ऑनलाइन अर्ज, वेगळी लॉटरी. मोठ्याचं नशीब त्याला लागू होत नाही. आणि सिबलिंग कोटा जो म्हणतात ना तो कायद्यात कुठे नाही, शाळेचं स्वतःचं धोरण असतं, त्यामुळे तोंडी सांगितलेल्यावर विसंबू नका, लेखी नियम मागा. अर्जात घराचं लोकेशन नीट टाका, एक किलोमीटरच्या आतल्यांना आधी नंबर. दुर्बल घटकातून भरत असाल तर लाखाच्या आतला उत्पन्नाचा दाखला ताजा काढून ठेवा, तहसीलला ऐनवेळी रांग असते. मध्यंतरी शासनाने नियम बदलून सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खाजगी शाळेला सूट असं केलं होतं, ते मुंबई हायकोर्टाने जुलै २०२४ मध्ये रद्द केलं, म्हणजे त्या कारणाने कुणी परत पाठवलं तर ऐकू नका.

---

भांडुपकरीण

बाप रे, एवढं लिहिलंत सगळ्यांनी. दोन दिवस ऑफिसात क्वार्टर एंड, आता वाचलं सगळं, लोकलमध्ये उभ्याने.

शेंडेफळ, तुमची आत्या आमच्याकडे पण आहे, फक्त आमच्यात ती माझी सासू आहे आणि ती मार्क नाही, रंग आणि उंची वाचते. बोलते मी तिच्याशी. म्हणजे नवऱ्याला बोलायला सांगते.

ताई नंबर वन, तुमचं वाचून मी रात्री मोठीला विचारलं, चेहरा न करता. ती म्हणाली, "मी आणीन, पण मंगळवार-गुरुवार नाही, माझी कबड्डीची प्रॅक्टिस असते." मला माहीतच नव्हतं ती कबड्डीत आहे! वक्तृत्व आम्हाला माहीत, कबड्डी नाही, कारण कबड्डीचं बक्षीस अजून मिळालं नाहीये बहुतेक. मग मधला म्हणाला मी आणतो मंगळवारी. तो पाचवीत, रस्ता ओलांडून, चढ चढून, पहिलीतल्या मुलीला घेऊन, छे. त्याला म्हटलं तू साडेबाराला गेटवर तिचा हात धरून तिला वर्गापर्यंत सोडायचं, ते तुझं काम. एवढा खूष झाला की काय सांगू. त्याला शाळेत प्रथमच कुणीतरी काहीतरी सोपवलंय.

फॉर्म भरला. आधारवर आडनाव खरंच वेगळं निघालं बाई, मोठ्या दोघांचं डब्ल्यूने आणि हिचं व्हीने. शनिवारी आधार केंद्रावर जातोय, ठसे पण होतील.

फ्युचर फर्स्ट, तुमचं वाचलं, पण मी तो प्रश्न विचारला नव्हता.

वयाचं मात्र अजून मनात आहे. आणि डावखुरी आहे त्याबद्दल बाईंनी काही लिहिलं नाही. सासूबाई तिच्या हातातली पेन्सिल काढून उजव्या हातात देतात, मी परत डाव्यात देते, असं चाललंय घरात.

---

खडूवाल्या_बाई

पेन्सिल डाव्याच हातात राहू द्या. बदलायला गेलात तर लिहिणं आणखी हळू होईल. सासूबाईंना सांगा बाईंनी सांगितलंय, आमच्या नावावर खपवा, तेवढा उपयोग असतो निवृत्त बाईंचा.

शाळेत मात्र एक गोष्ट मागून घ्या, बाकाच्या डाव्या टोकाला बसवा. उजव्या टोकाला बसली की तिचा डावा कोपर आणि शेजारणीचा उजवा कोपर दिवसभर एकमेकांवर आपटतात, अक्षर हलतं, भांडणं होतात, आणि बाईंना वाटतं ही मुलगी त्रास देते. हे मी स्वतः वर्गात बघितलंय. वही थोडी उजवीकडे कलती ठेवायला शिकवा, म्हणजे हाताने लिहिलेलं पुसलं जात नाही. कात्री डावखुऱ्यांची वेगळी मिळते, दादर स्टेशनबाहेरच्या स्टेशनरीवाल्यांकडे विचारा, नाहीतर कागदकामाच्या तासाला ती कात्री टाकूनच देईल.

वयाचं मी परत तेच सांगते, बालवाडीच्या बाईंना विचारा. वर्षभर तिला त्यांनी बघितलंय, मी नाही. पाच-दहा मिनिटं एका जागी बसून एक काम पुरं करते का, बाथरूमला जायचंय हे परक्या माणसाला सांगते का, डबा स्वतः उघडते का, एवढं विचारा. अक्षर-आकडे विचारूच नका, ते पहिलीचं काम आहे. बाथरूमचं मात्र नक्की, न बोलणाऱ्या मुलांचं तिथेच अडतं.

दादाला काम दिलंत ते आवडलं. फक्त तो तिला वर्गापर्यंत सोडायला गेला की त्याच्या जुन्या बाई त्याला दारात बघून एखादा शेरा मारतील तिच्यासमोर, "आलास का परत!" वगैरे. तेही वर्गशिक्षिकेच्या कानावर घालून ठेवा.

---

सेकंड_शिफ्टवाला

पावणेसहाचं मी आठवीतल्या मुलीवर टाकलं होतं ते मागे घेतो, बायकोने पण झापलं वाचून.

मंगळवार-गुरुवारसाठी: आमच्या व्हॅनचे काका भांडुप पश्चिमेला टेंभीपाड्यापर्यंत येतात, बरोबर मावशी असतात, बस पिवळी आहे आणि कागद मी स्वतः बघितलेत. फक्त दोन संध्याकाळींसाठी घेत नाहीत, पण दुपारी जाताना रोज आणि संध्याकाळी दोन दिवस असं एकदा एका पालकांना करून दिलं होतं. जूनमध्ये सीट भरतात, मे संपायच्या आत बोलून घ्या. नंबर मेसेजमध्ये टाकतो, इथे नको.

---

भांडुपकरीण

टाका टाका. आणि ती कात्री दादरला नेमकी कुठल्या बाजूला, पूर्वेला की पश्चिमेला?